रिमोटचं शुद्धलेखन

३ मार्च

चि. सोन्यास, ताईचे अ. आ.

फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहितेय. आजारपणानंतर आईची जीभ वळत नसली तरी कान शाबूत आहेत, आणि फोन तिच्या उशाशीच असतो.

टीव्हीला लावायची तुझी ती डबी पोचली. मी जोडली, चित्रही आलं. पण तिच्या रिमोटने आपल्या जुन्या टीव्हीचा आवाज हलत नाही. आवाजाला जुना रिमोट, बाकीला नवा. आईचा एकच हात चालतो हे तू विसरलास का?

काल मी दुकानात होते. मध्येच जाहिरात लागून आवाज चढला आणि जुना रिमोट पलंगाखाली पडलेला. खालच्या काकू दार बडवून गेल्या. मी आले तेव्हा आई एक कान उशीत खुपसून, दुसऱ्यावर हात दाबून रडत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लोभ आहे, पण आज तो शोधावा लागतोय.

ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

वस्तू पाठवली हाच माझा गुन्हा, असं दिसतं. सेटिंगमध्ये जाऊन रिमोट निवड, मग टीव्हीची कंपनी. आपल्या टीव्हीची कंपनी केव्हाच बुडाली, ती यादीत नसणार. एकेक नाव लावून आवाजाचं बटण दाबून बघ, कुठलं तरी जमेल. दाबताना रिमोट थेट टीव्हीकडे धर, मध्ये फुलदाणी नको.

आणि माइकचं बटण आहेच की. आईने त्यात नुसतं बोलायचं, हवं ते लागतं. यायचं मी बघतोच आहे, पण कामातून मान वर काढता येत नाही.

राग सोडून लोभ ठेवावा.

सोन्या

१४ मार्च

सोन्या,

आशीर्वाद आज मिळणार नाहीत. ‘आईने नुसतं बोलायचं’ हे लिहिताना तुझा हात कसा धजावला?

तुझं पत्र तिने वाचलं आणि ते मनावर घेतलं. बोललेलं पडद्यावर लिहून येतं, ठाऊक आहे ना? ती म्हणाली गाणी, उमटलं गोणी. मग तुझं नाव घेतलं, तर सोन्याचे आजचे भाव आले. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली तिने, लोकांच्या चुकांवर लाल शाई मारली. तिचंच बोलणं तू तिला अशुद्ध छापून दाखवलंस. तिने रिमोट भिंतीवर फेकला. आता त्याचं झाकण रबराने बांधलंय.

ताई

२० मार्च

ती. ताईस सा. न.

चुकलं. ती डबी काढून कचऱ्यात टाक, मी नवा मोठा टीव्हीच पाठवतो. यायचं मात्र या महिन्यातही कठीण दिसतंय. उगाच भांडू नकोस.

सोन्या

२६ मार्च

चि. सोन्यास,

टीव्ही पाठवलास तर आल्या पावली परत करीन. यादीतली नावं लावून लावून बोटं दुखली, पण शेवटी एक लागलं. आता आवाज त्याच रिमोटने कमी होतो.

पण डबी काढायला गेले तर आईने माझा हात झटकला. बोलायला शिकवणाऱ्या बाई गोड बोलून दमल्या, त्यांच्यापुढे ही तोंड फिरवायची. चुकीचं छापलेलं मात्र तिला सोसवत नाही. रोज त्या पडद्याशी भांडते. लाल होते, घाम फुटतो, पण शब्द बरोबर उमटेपर्यंत बटण सोडत नाही. गोणीची गाणी झाली. खालच्या काकूंचं नाव तर पहिल्या फटक्यात आलं, तेही शिवीसकट.

काल संध्याकाळी तिने मला बाजूला सारलं, रिमोट तोंडाशी धरला आणि सावकाश बोलली. पडद्यावर उमटलं: सोन्या घरी ये. काना-मात्रेचीही चूक नाही. खाली डबीचं उत्तर आलं, असं काही सापडलं नाही.

आईने दोन्ही ओळी वाचल्या. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने रिमोट खाली ठेवला.

लोभाचं तू आल्यावर बघू.

ताई