रिंगणात सुटलेला हात

प्रिय काचाव,

सावमा लिहितेय, मी आजी बोलतेय. अक्षर तुझ्या बहिणीचं, टोमणे माझे. ती मधेमधे डोळे पुसते, म्हणून कुठे शाई पसरली असेल तर तो दोष माझा नव्हे.

इकडे डुकरीण व्याली. शेजारणीचं तोंड अजून बंद झालेलं नाही. मागे तैपेईच्या मैदानातली तुझी बेसबॉलची मॅच दुकानातल्या टीव्हीवर लागली, तेव्हा अख्खं गाव सुपारी चघळत बसलं होतं. तू गडी बाद केलास की मायावमामा ओरडायचा, "आमच्या घरचा हात आहे!" मी मात्र तुझ्या पायांकडे बघत होते. लहानपणी नदीच्या मुखाशी आजोबांबरोबर जाळं फेकायचास, तसाच चेंडू फेकायचास. जोर टाचेतून निघायचा, कमरेतून वळसा घेऊन बोटांपर्यंत यायचा. आजोबा म्हणायचे, फेकतात ते पाय, हात नुसता सोडतो. आता तू मानेपासून फेकतोस. कोपर खाली पडतं, डोकं डावीकडे झुकतं. शेजारीण म्हणाली, "शहरातली नवी लकब असेल गं." लकब कसली! लंगडं कुत्रंही नव्या लकबीनंच चालतं.

कापणीच्या सणाला आलास तेव्हा डाव्या हातानं जेवलास. कुणा मुलीनं शिकवलं वाटतं, असं मी चिडवलं. तू हसलास. उजवा हात मांडीवर कोयत्यासारखा वाकडाच पडून होता.

मग नाचाच्या रिंगणात पुरुषांनी हातात हात गुंफले, गाणं चढलं, हात वर गेले, आणि तुझा सुटला. आपल्या रिंगणात हात सुटत नाही रे. पिऊन तर्र झालेला म्हातारासुद्धा सोडत नाही. "घाम आला," म्हणालास, सगळे हसले. मीही हसले. तुझा हात धरला होता मामानं. नाच थांबल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, त्याची करंगळी नि शेजारचं बोट मेलेल्या माशासारखं गार होतं. मी दाबलं, त्याला कळलंच नाही."

बोटं बधिर होतात हे तू सावमाला फोनवर सांगितलं होतंस, वर शपथ घातलीस. काल ती माझ्यापुढे रडली. तिच्यावर चिडू नकोस. रविवारच्या मॅचमध्ये तू हरशील याची मला भीती नाही, जिंकशील याची आहे. जिंकलास की सोमवारी पुन्हा फेकशील, मंगळवारी पुन्हा, आणि कोच पाठीवर थाप मारील.

हे पत्र मामाच्या हाती देतेय. तू वाचतोयस तेव्हा तो कोचसमोर बसून सगळं सांगत असेल. मीच पाठवलाय त्याला. तुझी मॅच आजीनं मोडली, हे तुला कोचच्या तोंडून कळू नये, म्हणून एवढं लिहवून घेतलं. मामा डॉक्टरकडे नेईल, मुकाट्यानं जा. माझ्यावर खुशाल राग धर. हात बरा झाला की घरी ये आणि सगळी भांडी आपट. पण उजव्या हातानं आपट. त्या आवाजाची मी वाट बघतेय.

तुझीच,
आजी