बोटीवर दिसलेली पुढची खोली

पारोळा,
नागपंचमीचा आदला दिवस

चि. कुंदन यास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिल्याशिवाय मुलाला पत्र लिहू नये असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं, म्हणून लिहिले आहेत. त्यातून फार अर्थ काढू नकोस.

इकडे सगळं ठीक. पाऊस बेताचा आहे, कपाशी बरी आहे म्हणतात. माझा गुडघा होता तसाच आहे. शिवणक्लास चालू आहे. हल्लीच्या मुलींना बाही जोडायला शिकवण्यापेक्षा मशीनला शिकवलेलं बरं, पण येतात बिचाऱ्या. रूपाची नोकरी कशी आहे, नवलची शाळा कशी आहे, हे विचारत नाही. तू 'छान' म्हणशील आणि गप्प बसशील.

आई फोन का उचलत नाही, असं तू सुकदेवभाऊंना विचारलंस म्हणे. तुझा चुलत काका झाला तरी तो माणूस किती वेळा निरोप्याचं काम करणार? फोनवर माझं वाक्य अर्धं होत नाही तोच तू 'आई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस. पत्र मधेच बंद करता येत नाही. जळगावच्या तुझ्या गार खोलीत नीट बसून वाच आणि मग रूपालाही दे.

तू पाठवलेलं पार्सल मिळालं. उघडलं तर आत तीच इंटरनेटवरून मालिका दाखवणारी काळी कांडी, बोटीवर माझ्या खोलीतल्या टीव्हीच्या पाठीत तू खुपसली होतीस ती. सोबत चिठ्ठी, 'घरच्या टीव्हीला लाव, मालिका बघ, एकटं वाटणार नाही.' कुंदन, तुझ्या हाताला ती पॅक करताना जरासुद्धा काही झालं नाही का? याच पाकिटातून ती परत पाठवते आहे. तुझ्या घरी भिंती पुष्कळ आहेत आणि टीव्हीही.

आता बोटीची आठवण तूच काढलीस, तर ऐक.

मे महिन्यात तू मला मुंबईहून गोव्याच्या बोटीवर नेलंस. आठ दिवस आधीपासून मीच गल्लीभर सांगत फिरत होते, कुंदन मला समुद्र दाखवणार आहे. क्लासच्या मुलींनी वर्गणी काढून मला नवी पिशवी घेतली. बोटीवर चढताना तपासणीत त्यांनी माझा अडकित्ता काढून घेतला आणि तुझं वायरचं एक्स्टेंशन. अडकित्त्याचं मला वाईट वाटलं. तू मात्र एक्स्टेंशनसाठी त्या माणसाशी असा भांडलास की मागच्या रांगेतले लोक बघायला लागले. तेव्हा मला कळलं नाही, एवढ्याशा वायरवाचून तुझं काय अडलं होतं.

तुमच्या खोलीला गॅलरी होती आणि समोर समुद्र. माझी खोली आतल्या बाजूची, तिला खिडकीच नव्हती. 'आई, तुला उजेडात झोप लागत नाही ना,' असं तू म्हणालास. मला उजेडात झोप लागत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग तुझी ती टीव्हीची झटापट. त्या टीव्हीवर सगळे बोटीचेच चॅनेल: आज जेवायला काय, कप्तान काय म्हणतो, आणि निळ्या नकाशावर सरकणारा एक ठिपका. तू चपला काढून माझ्या गादीवर चढलास, भिंतीत बसवलेल्या टीव्हीच्या मागे हात घालून भोक शोधत राहिलास. बोटीच्या रिमोटवर हवं ते बटण नव्हतं, ते टीव्हीच्या खालच्या कडेला सापडलं. खोली आवरणारा माणूस म्हणाला, 'सर, ये अलाऊड नहीं है.' त्याला तू हसून दाराबाहेर काढलंस. एक प्लग मोकळा हवा म्हणून माझा दिवा काढलास. मग बोटीचं इंटरनेट. ते म्हणे आधी एक पान उघडतं, खोलीचा नंबर आणि जन्मतारीख विचारतं, आणि कांडीला ते पानच उघडता येत नाही. मग तू तुझ्या दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट लावलंस. पण भर समुद्रात त्याला रेंज कुठली?

मी म्हणत होते, अरे राहू दे, मला वर घेऊन चल, समुद्र बघू. तू म्हणालास, 'थांब ना आई, झालंच.' तुझा शर्ट घामाने भिजला होता. मला वाटलं, पोरगा आईसाठी किती जीव काढतोय. हे मी खरोखर मनात म्हटलं, कुंदन. आज सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो.

दुसऱ्या दिवशी बोट गोव्याला लागली आणि फोनला रेंज आली. टीव्ही चालू झाला. तू टाळी वाजवलीस. 'आता बघ तुझ्या मालिका. गोव्यात फार चालावं लागतं, तुझा गुडघा दुखेल. आम्ही संध्याकाळपर्यंत येतो.' दुसरा फोन चार्जिंगला तिथेच ठेवून तुम्ही तिघं गेलात. नवल 'आजीपण' म्हणत होता, तर रूपाने त्याचा दंड धरून ओढला.

मी मालिका बघत नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या कष्टांचा मान म्हणून एक लावली. मधेच थांबवून न्हाणीत गेले. परत आले तर मालिका गेलेली आणि टीव्हीवर फोटो आपोआप बदलत होते. तुझ्या फोनमधले. नवलचा वाढदिवस. रूपा कुठल्या तरी हॉटेलात. तुमची नवी गाडी. मी कॉटवर बसून कौतुकाने बघत होते.

मग माझी पुढची खोली आली, शिवणक्लासची. रिकामी.

आधी वाटलं, घर बांधलं तेव्हाचा जुना फोटो असेल. पण भिंतीवर यंदाचं कॅलेंडर होतं. त्यानंतर परत नवल, तोंडाला केक लागलेला. मग टेम्पोत उलट्या घातलेल्या माझ्या शिलाई मशिनी, पाय वर केलेल्या. मग कोणाचं तरी लग्न. मग 'मोबाईल गॅलरी' असा रंगीत बोर्ड, आणि तो माझ्याच दारावर चढवणारे लोक. रिमोटने ते थांबवता येत होतं. मी थांबवलं नाही.

आणि मग तो फोटो, त्याच सकाळी कोणी तरी तुला पाठवलेला. माझ्या उंबऱ्यात कपाळाला गंध लावलेला एक माणूस, आजूबाजूला आठ-दहा जण, आणि त्याने दोन्ही हातांनी वर उचललेला नारळ. दुकानाचा मुहूर्त. तो नारळ मी ओळखला. काळा पडलेला, गुळगुळीत, नथीच्या दोऱ्याने एका बाजूला खाच पडलेला. सासूबाईंनी जाताना माझ्या ओटीत घातलेला. आपल्या कानबाईचा, आपल्या घरच्या देवीचा.

तुला विसर पडला असेल म्हणून सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी पुढच्याच खोलीत चौरंगावर तिला बसवतो, नथ घालतो, डोळे लावतो. सोमवारी नदीवर नेऊन परत आणतो. वर्षभर ती लाल फडक्यात, त्याच खोलीच्या कोनाड्यात असते. लहानपणी तू त्या कोनाड्यापुढे परीक्षेचं हॉलतिकीट ठेवायचास. तुझ्या मजुरांनी फडकं सोडलं आणि तिला कात्र्या-रिळांच्या बादलीत टाकलं. दुकानदाराला मुहूर्ताला नारळ हवा होता, तो आयता सापडला.

मी सुकदेवभाऊंना फोन लावला. ते धावत गेले तेव्हा खोबरं वाटूनही झालं होतं. भाऊ फोनवर रडायलाच लागले. म्हणाले, "वयनी, कुंदननी माले सांगं, आई जयगावले कायमनी ऱ्हावाले चालनी. तुन्हं बठ्ठं सामान त्यानीच काढं. माले वाटनं, तुले मालूम शे."

म्हणजे मी जळगावला कायमची राहायला जाणार होते, आणि हे पारोळ्यात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

संध्याकाळी तुम्ही काजूची पिशवी आणि नवलच्या डोक्यावर टोपी घेऊन आलात. मी विचारलं, "पुढच्या खोलीत कोण आहे?" तू आधी टीव्हीकडे बघितलंस, मग फोनकडे. रूपा म्हणाली, "मी सांगितलं होतं, फोन खोलीत ठेवू नका." ती काय बोलली, ते तिचं तिला तरी कळलं का?

आणि तू म्हणालास, "आई, तुला सरप्राईज द्यायचं होतं." मग तुझी कारणं: तू एकटी असतेस, तू पडलीस तर कोण बघणार, नवल शाळेतून येतो तेव्हा घरी कोणी नसतं, खोली रस्त्यावरची आहे, मशिनींवर डोळे कशाला फोडतेस. हे सगळं विचारण्यासारखं होतं, कुंदन. कदाचित मी भांडून, रडून, शेवटी हो पण म्हटलं असतं. नवलसाठी म्हटलं असतं. पण तू विचारलंच नाहीस. मला समुद्रावर आणून खिडकी नसलेल्या खोलीत टीव्हीपुढे बसवलंस आणि मागे माझं घर उचललंस.

मी कानबाईचं सांगितलं. तुझं तोंड उतरलं, हे मी पाहिलं. तेवढ्यावर तू थांबला असतास तरी चाललं असतं. पण तू म्हणालास, "आई, एक नारळच तर होता. दुसरा आणू."

ते वाक्य तू विसरला असशील. मी नाही.

मुंबईला उतरल्यावर तू गाडीचं दार उघडून उभा होतास आणि मी एसटीत बसले. पारोळ्याला आले ती थेट दुकानात. तो लीलाधर, मोबाईलवाला, धुळ्याचा. मी त्याला वाट्टेल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भर रस्त्यात माझे पाय धरले. म्हणाला, "काकू, माले वाटनं तो पूजाना नारय शे." त्याच्याही घरी कानबाई बसते. तुझ्याशी केलेला भाड्याचा करार त्याने माझ्यासमोर फाडला आणि दुसऱ्या दिवशी बोर्ड उतरवला. घर माझ्या नावावर आहे, तू केलेल्या कराराला तसाही अर्थ नव्हता, पण ते त्याला सांगावं लागलं नाही. क्लासच्या मुलींनी तुझ्या मित्राच्या गोडाऊनमधून मशिनी आणल्या. परक्याने पाय धरले. तू दोन महिन्यांनी कांडी पाठवलीस.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले आणि इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत राहिले.

सगळे भाऊबंद विचार करायला बसले होते. यंदा नवीन नारळ वाजतगाजत आणून कानबाई बसवायची असं ठरलं. या रविवारी ती बसेल, याच खोलीत. काल सुकदेवभाऊंच्या समोर तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, हे तुला माहीत आहे. लहान होतास तेव्हा तुझ्या नावाची मूठ घेताना तू माझी बोटं सरळ करून बघायचास, कमी तर नाही ना घेतली. गेल्या वर्षी तू आला नव्हतास, सुट्टी नव्हती म्हणालास, तरी तुझी मूठ घेतली होती. जन्मल्यापासून एकदाही चुकली नव्हती.

काल सगळ्यांच्या घेतल्या. भाऊंच्या, त्यांच्या मुलांच्या, नातवांच्या. नवलची घेतली. मग मी सूप बाजूला सरकवलं.

भाऊ म्हणाले, "वयनी, कुंदननी मूठ ऱ्हायनी."

मी म्हटलं, "राहिली नाही, भाऊ. घेतली नाही."

एकदोघींनी डोळ्याला पदर लावला. भाऊंनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तेवढ्याच गव्हाचं पीठ दळलं जाईल आणि तेवढेच रोट होतील.

नवलला शनिवारी भाऊंच्या मुलासोबत पाठव. त्याच्या वाटणीचा रोट त्याला इथेच, पानावर बसून खावा लागेल. तुला यायचं असेल तर ये, दार उघडं असेल. चहा मिळेल, जेवणही मिळेल. रोट मिळणार नाही. आपल्याकडे पाहुण्याला रोट देत नाहीत.

लोभ आहे का, ते तुझं तू बघ.

भिकुबाई