पलीकडचे बाक

सोमवार, ३ मार्च

बिशपस्वामींचं रविवारचं प्रवचन टाइप केलं. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मोठ्ठी अक्षरं. "अजून मोठी कर गं. 'समेट' मलाच दिसला नाही, तर पुढाऱ्यांना काय दिसणार!" स्वतःच हसले. मला हसू येईना – पुढच्या ओळी वाचल्या होत्या ना.

दोन्ही पक्षांनी सूड सोडून समोरासमोर बसावं, हे ते रेडिओवर बोललेच आहेत. आता आमच्या चर्चची पाळी. मारामाऱ्या झाल्यापासून डावीकडच्या बाकांवर आमची माणसं, उजवीकडे त्यांची. प्रार्थनेत 'शांती असो' म्हणून शेजाऱ्याचा हात धरायचा, तोसुद्धा आपल्याच बाजूचा! तर सोळा तारखेला प्रत्येकाने पलीकडच्या माणसाशेजारी बसायचं.

मंगळवार, ४ मार्च

आईला सांगू? ऑफिसातलं बाहेर बोलायचं नाही. पण लपवलेलंही खोटंच – हे आईनेच शिकवलं, शाळेच्याही आधी, स्वयंपाकघराच्या फरशीवर अक्षरं गिरवून घेताना.

उजवीकडे शिंपीकाका बसतो. दादाचा शाळेचा पहिला सदरा त्याने शिवला. त्यांची माणसं दादाला न्यायला आली तेव्हा आमचं दारही त्यानेच दाखवलं. मग काका त्यांच्याच गाडीत बसून गेला.

आई अजून घराला कुलूप लावू देत नाही. "दादा आला तर? त्याच्याकडे किल्ली कुठेय?"

नाही सांगितलं.

रविवार, ९ मार्च

प्रवचन झालं. घरी येऊन आईने चपला काढल्या. मग – "टाइप तूच केलंस ना? बसते हो त्याच्या शेजारी! मापंही घेऊ दे माझी."

जेवली नाही.

बुधवार, १२ मार्च

धीर करून बिशपस्वामींना म्हटलं, आईला नाही जमणार. कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. "विसरा, असं मी कुठे म्हटलंय? तिला सांग, शेजारी बसलं की विचारता येतं."

आईला सांगितलं. ती भांडी घासत राहिली.

रविवार, १६ मार्च

आई पलीकडे गेली! मी मागच्या बाकावर. शिंपीकाका सरकत सरकत भिंतीला चिकटला. 'शांती असो' झालं. आईने हात पुढे केला, त्याने नुसती बोटं दिली. तिने अख्खा हात धरला – आणि सोडेना! सगळे खाली बसले, हे दोघं उभेच.

"कुठे पुरलंय?" आई म्हणाली.

दादा जिवंत आहे का, असं नाही विचारलं. पुरलंय कुठे!

"वहिनी, मी फक्त दार –"

"ते मला ठाऊक आहे. कुठे?"

तो रडायला लागला. तरी हात सोडला नाही तिने.

म्हणजे तिला माहीत होतं. मग किल्लीचं इतके दिवस कुणासाठी बोलत होती? माझ्यासाठी?

सोमवार, १७ मार्च

सकाळी शिंपीकाका आला. फावडं घेऊन. निघताना आईने घराला कुलूप लावलं.