सर्जन रस्त्यात आहेत

आई, गेल्या महिन्यात तुझ्या धाकट्याला मोटरसायकलने उडवलं. जिवंत आहे. हे आधी सांगते, कारण कॅज्युअल्टीतली ड्यूटी संपवून घरी आलीस की तूही आधी तेच सांगायचीस, वाचला की गेला. बाकीचं भाताखालचा गॅस बारीक करता करता.

एलबीएस रोड ओलांडत होता. इस्त्रीचा शर्ट, पायात चांगले बूट. लोकांनी रिक्षात घातलं, आणि जिथे तू सिस्टर होतीस त्या पालिकेच्या हॉस्पिटलावरून रिक्षा सरळ पुढे गेली. "काका चांगल्या घरचे दिसत होते ना, सरकारीत कुठे नेणार?" रिक्षावाला मला अभिमानाने सांगतो. त्या खाजगी हॉस्पिटलात लगेच खाट मिळाली, स्कॅनही झटपट झाला. पोटात आत रक्त साचतंय, ताबडतोब ऑपरेशन हवं. करणार कोण? काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर रस्त्यात आहेत, मॅम." कुठल्या रस्त्यात? "जुहूहून निघालेत." "बोटीने येतायत का?" मी विचारलं. त्या मुलीने मला कॉफी आणून दिली. इकडे त्याचे ओठ पांढरे पडत चालले होते. मी त्यांचीच अँब्युलन्स घेतली आणि त्याला मागे तुझ्याकडे आणला.

तुझी कॅज्युअल्टी तशीच आहे गं. ट्रॉली मी शोधली, त्याच्या बायकोने ढकलली. सलाइनचा स्टँड मोडका, म्हणून बाटली हातात धरून मी उभी. आम्ही कर भरतो तो जातो कुठे, हे मी ऐकवलंच. सिस्टर ओरडली, "आजी, भाषण नंतर! बाटली वर धरा, अजून वर!" पण सर्जन तिथेच होता. माझ्या मुलापेक्षा लहान, पायात स्लिपर, डोळे तारवटलेले. त्याने स्कॅन पाहिला, पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, "आत घ्या."

ज्यांच्याकडे स्कॅन आहे त्यांनी सर्जन ठेवू नये, आणि सर्जन आहे त्यांना साधा स्टँड मिळू नये, हे मला कोणीतरी समोर बसून समजावून सांगावं. तू म्हणाली असतीस, "कॉन्व्हेंटात घातलं ते काय तोंड चालवायला?" हो, त्यालाच.

तो धोक्याबाहेर आल्यावर मी त्याला खाजगीत हलवला. शेजारणींना सांगितलं, सरकारीत खाटेखाली मांजरी फिरतात, जखम चिघळेल. खरं कारण म्हणजे तिथल्या संडासात मला जाववेना. तू तर सगळी नोकरी तिथे काढलीस. तू कुठे जायचीस, हे मी कधी विचारलंच नाही.