कुलूप नसलेला ऑर्गन

प्रिय याकोमिन,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फोडलंस, एवढ्यावरच मी खूश आहे. नऊ वर्षांनी लिहितोय. घाईघाईनं लिहिलंय, सांभाळून घे.

तुझ्या खोलीत आता ऑर्गन आहे. पलंग हलवला, पण पुस्तकं तशीच ठेवलीत. आपलं चर्च बंद झालं, ऑर्गन परदेशी विकला गेला, हे तुला कुणीतरी कळवलं असेलच. तो जाण्याआधी काही जाणत्या मंडळींनी त्याची एकेक नळी वाजवून, तिचा घुमारा पार विरेपर्यंत ध्वनिमुद्रित करून ठेवली. ते सगळं आता कॉम्प्युटरमध्ये आहे, तुझ्या खोलीतल्या ऑर्गनची पट्टी दाबली की तोच सूर निघतो. मारीनुस, आपल्या पाणी उपसायच्या पंपांवरचा वायरमन, तीन आठवडे तारांशी झटत होता आणि दर दिवशी मला एकदा तरी मूर्ख म्हणत होता. मग पहिला सूर लागला. तेवढ्याशा खोलीत आपल्या चर्चचं अख्खं छत घुमलं.

हे हौसेसाठी केलं नाही. तुझी आई आता माणसं ओळखत नाही. मला पाहुणा समजून कॉफी विचारते. तीन महिन्यांत ती गायलेली नाही, आणि चौदा तारखेला तिला शुश्रूषागृहात हलवायचंय. त्याआधी एकदा तिनं स्तोत्र म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

रविवार देवाचा, त्या दिवशी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, हा आपल्या घरचा नियम माझाच. म्हणून मी पळवाट काढली. शनिवारी सगळं चालू करून ठेवायचं, रविवारी फक्त वाजवायचं. मारीनुसनं विचारलं, "देवाला फसवायला मी इतका खपलो का?"

गेल्या रविवारी आई चर्चला जायची काळी टोपी घालून, प्रवचनात चघळायचं पेपरमिंट मुठीत धरून, साडेनऊला तुझ्या खोलीत येऊन बसली. मी पट्टी दाबली. आवाज नाही. यंत्र रात्रीतून आपणहून बंद पडलं होतं. ती वाट पाहत राहिली. दहा मिनिटांनी तिच्या मुठीतून पेपरमिंट खाली पडलं, आणि ती दाराकडे बघायला लागली. चर्चचा ज्येष्ठ म्हणून आयुष्यभर लोकांना जे शिकवलं, ते सगळं त्या एका बटणाशी येऊन अडलं होतं. मी बटण दाबलं.

मग आपल्या रीतीनं स्तोत्र वाजवलं, संथ, प्रत्येक सूर सारख्या लांबीचा. आई गायली नाही. दोन ओळी ऐकून तिनं स्पष्ट विचारलं, "आज कुणी गेलंय का?" आणि मग म्हणाली, "याकोमिनला बसव. तिच्याबरोबर गाता येतं."

माझं नाव तिला आठवत नाही गं.

नऊ वर्षांपूर्वी, चर्चचा ऑर्गन तुझ्याकडे होता तेव्हा, त्या रविवारी तू स्तोत्र मूळच्या चालीत, लांब-आखूड सुरांत, चपळ वाजवलंस. ज्येष्ठांचं मंडळ चिडलं, आणि मी, तुझा बाप, सगळ्यांसमोर तुझ्याकडून ऑर्गनची किल्ली मागून घेतली. नियम तो नियम, म्हणालो. आई तिसऱ्या बाकावर होती. अर्धं चर्च गोंधळून गप्प झालं होतं, पण ती गात होती, अगदी तुझ्या तालात. ज्येष्ठांच्या उंच बाकावरून मी ते पाहिलं होतं. नऊ वर्षं तुला ते सांगितलं नाही.

तुझ्यासारखं वाजवायचा प्रयत्न केला, बोटं वळत नाहीत. चौदा तारखेच्या आधी एकच रविवार उरलाय. मी चुकलो होतो, बाळा. येशील? बाकाची उंची तुझ्या मापानं लावून ठेवलीय. यंत्र शनिवारी चालू करीन, बंद पडलं तर रविवारी पुन्हा करीन. जुनी किल्ली सोबत पाठवतोय. ती आता कशालाच लागत नाही, नव्या ऑर्गनला कुलूप नाही. पण ती तुझी होती.

वाट पाहणारा, तुझाच
बाबा