उजव्या बाजूचा व्हॉल्व्ह

बाबा, तुमच्या सेटचा उजव्या बाजूचा व्हॉल्व्ह सापडला. कोलकात्याबाहेर बजबजला, एका घरात, बिस्किटाच्या डब्यात, कापसात गुंडाळलेला. तुम्ही जाऊन तीस वर्षं होत आली, आणि तो हरवला होता हेच मुळात तुम्हाला माहीत नव्हतं. तेव्हा सापडल्याची बातमी कळवण्यात काय अर्थ, असं कुणीही म्हणेल. पण चार दिवस झाले, चैन पडत नाहीये.

आधी तो विश्वकर्मा पूजेचा दिवस आठवा, घरोघर यंत्रं-हत्यारं पुजायचा. मी आठ-नऊ वर्षांचा. आकाशभर पतंग, खालचा टॅक्सीवाला गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालतोय, कोपऱ्यावरचा सायकलवाला पाने-पकडी घासून मांडतोय. आपल्या घरात यंत्र म्हणावं असं एकच, तुम्ही हातानं जुळवलेला तो अ‍ॅम्प्लिफायर. तुम्ही ऑफिसातून यायच्या आत मी त्याचे दोन्ही मोठे व्हॉल्व्ह, त्या तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्या, उपटले आणि आईच्या ओल्या फडक्यानं लख्ख पुसले. काचेवरची पांढरी अक्षरं फडक्याबरोबर निघून गेली. तुम्ही आलात, बूटही न काढता जमिनीवर बसलात. मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "नाव पुसलंस त्यांचं. आता हा कोण, तो कोण, हे कसं सांगणार?" त्या रात्री मी आईच्या कुशीत शिरून रडलो होतो. मला वाटत होतं की मी दोन माणसं मारली.

दुसऱ्या दिवशी रविवार. तुम्ही मला पाठमोरं बसवता, सेट चालू करता, आणि शिसपेन्सिल उलटी धरून खोडरबराच्या टोकानं काचेवर वाजवता. तीन टकटक, जरा थांबून दोन. आवाज स्पीकरमधून येतो. "कोण?" तुम्ही विचारता. मग सेट बंद, व्हॉल्व्ह गार होईपर्यंत थांबायचं, दुसरा लावायचा, पुन्हा तीन आणि दोन. "आता कोण?" दुपारपर्यंत मला कळायला लागलं. डावा स्टीलच्या पेल्यासारखा वाजायचा, उजवा चहाच्या मातीच्या पेल्यासारखा, बसका. मग तुम्ही आईकडं नेलपॉलिश मागितलंत. ती ओट्यापाशी डाळ निवडत होती. "इश्श, बाटल्यांना कशाला नेलपॉलिश?" "बाटल्यांना नावं ठेवायचीयत," तुम्ही म्हणालात आणि दोघांच्या बुडाला लाल रंगात 'डा' आणि 'उ' काढलेत.

त्या खेळावर मी माझा संसार उभा केला, बाबा. शिक्षण बेताचं, भांडवल शून्य, पण कान होते. बंद पडलेल्या सिनेमा थिएटरांतून, गिरणीच्या भोंग्यांच्या सेटांतून, हावड्याच्या भंगारवाल्यांकडून मी व्हॉल्व्ह उचलत गेलो. आज अर्ध्या कोलकात्याचे शौकीन जोडी जुळवायला माझ्याकडं येतात. व्हॉल्व्ह तपासायचा मीटर सगळ्यांकडं असतो. मीटर बघून झाला की मी पेन्सिल उलटी धरतो, आणि गिऱ्हाईक कान पुढं करतं. त्यांना मी तुमचीच गोष्ट सांगतो, की म्हातारा व्हॉल्व्ह आतून सैल झाला की ऐकायला लागतो. त्याच्याजवळ बोललात तर तुमचाच आवाज स्पीकरमधून परत येतो. लोक हसतात. मीही हसतो.

जे कुणालाच सांगत नाही ते आता सांगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी बालीगंजच्या एका बड्या वकिलांच्या सेटचा व्हॉल्व्ह गेला. तसला बाजारात नव्हता. "जुळवून आणलास तर माझे सगळे मित्र तुझे," ते म्हणाले. तसला मला एकाच ठिकाणी ठाऊक होता. तुम्ही बाजारात गेला होतात. मी त्यांच्यासाठी तुमचा उजवा काढला, त्या जागी दुसरा, मरायला टेकलेला बसवला. आणि बाबा, मी हुशार होतो ना, त्याच्या बुडाला आईच्याच नेलपॉलिशनं 'उ' काढला. तुमच्यासारखा, शेपूट जरा लांब ओढलेला.

त्या संध्याकाळी तुम्ही दोन स्पीकरांच्या मधोमध खुर्चीत बसता, डोळे मिटता, आणि दोन मिनिटांत उघडता. "उजवी बाजू परकी वाटते रे. व्हॉल्व्ह तोच आहे ना?" मी म्हणतो, "तोच आहे. तुमचे कान गेले आता, बाबा." तुम्ही उठता, सेट बंद करता, गार होईपर्यंत वाट बघता, व्हॉल्व्ह काढून चष्म्यातून बूड बघता. 'उ' दिसतो. "असेल," म्हणता. मला वाटलं होतं, एखादा महिना कुरकुराल. तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत बसलाच नाहीत. आई म्हणायची, "अहो, लावा की काहीतरी," तर म्हणायचात, "मला कुठं काय कळतं आता." दोन वर्षं तुम्ही घरात गुपचूप वावरलात, आणि मग गेलात.

बजबजच्या बाई सत्तरीच्या. त्यांचे यजमान ज्यूट मिलमध्ये इंजिनियर होते, वारले. जुने व्हॉल्व्ह काढून टाकायचे म्हणून मला बोलावलं होतं. बालीगंजच्या त्या वकिलांच्या घरचा सेट विकला गेला तेव्हा यजमानांनीच घेतला होता म्हणे. बाकीचे व्हॉल्व्ह सेटमध्ये, हा एकटा डब्यात. मी उलटा केला. लाल रंग तपकिरी झाला होता, पण शेपूट लांब होतं. "ओटा की लेखा, दादा?" बाईंनी विचारलं. काय लिहिलंय. मी म्हटलं, काही नाही, खूण आहे. मग विचारलं, हा वेगळा का ठेवला? त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "हे म्हणायचे, हा सेटमध्ये नको. आपोआप ठकठक करतो. तीनदा, मग दोनदा. कुणीतरी दारात उभं राहून काहीतरी विचारतंय, असं त्यांना वाटायचं." आणि वर म्हणाल्या, "भालो मानुष छिलेन. भले होते, पण थोडे भित्रे."

परतीच्या लोकलमध्ये डबा मांडीवर धरून मी स्वतःला तेच समजावत होतो जे गिऱ्हाइकांना समजावतो. तापताना काच आणि धातू कमी-जास्त फुगतात, टिकटिक होतेच. त्यांनी मोजली म्हणून तीन आणि दोन झाली.

घरी आलो. दुपारचे चार, खिडकीतून लख्ख ऊन. तुमचा सेट मी कधी विकला नाही. त्याचा डावा अजून तुमचाच आहे. उजव्या जागी उजवा बसवला, दोन्ही स्पीकर चालू, रेकॉर्ड काही लावली नव्हती. व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले. मग उजवीकडून आलं. बसकं, मातीच्या पेल्यासारखं. तीन. थांबून दोन.

आणि मग काही नाही. विचारल्यावर तुम्ही थांबायचात ना, तसं.

बायको शेजारीच भाजी निवडत होती. मी विचारलं, "ऐकलंस?" "काय?" "ही टकटक." तिनं हातातली शेंग तशीच धरून कान दिला. आमच्यासमोर पुन्हा झाली, तीन आणि दोन, मी बोटं उचलून मोजली. ती माझ्या बोटांकडं बघत होती. म्हणाली, "अहो, काहीसुद्धा नाहीये. तुमचे कान गेले आता."

तिला बिचारीला काय माहीत. मी "असेल" म्हणालो आणि उठलो.

चार दिवस रोज चारला लावतो. रोज तेच. खरंच आहे की माझे कान गेलेत, हे ठरवायला मी कुणाकडं जाऊ? या शहरात असल्या बाबतीत लोक माझ्याकडं येतात. काल एक गिऱ्हाईक तुमची जोडी मागत होतं; मी म्हटलं, एकाला मायक्रोफोनचा रोग आहे, घेऊ नका. खोटं नव्हतं.

'कोण?'चं उत्तर मला येतं, बाबा. उजवा. आणि त्याच्यापुढचंही येतं, की तुमचे कान शाबूत होते, तुम्ही अचूक ओळखलं होतंत, चष्म्यातून बघितलात तो 'उ' माझ्या हातचा होता. हे तिथं खुर्चीत बसून मोठ्यानं म्हणायचं ठरवलं होतं. पण त्या व्हॉल्व्हला खोलीतलं ऐकू जातं, आणि तो ऐकलेलं परत करतो. म्हणून आतल्या खोलीत येऊन, दार लोटून, हे कागदावर लिहिलं. तेही शाईनं. पेन्सिलीचा आवाज होतो.