सभासद क्रमांक बारा

२७ एप्रिल, रविवार

पेपर फुटलाय. दुसरं काही असूच शकत नाही.

आजपासून तळ्याकाठच्या मैदानावर उन्हाळी मेळा सुरू झाला. सकाळी रस्सीखेच, दुपारी होड्या, पाच वाजता मांडवात आमची प्रश्नमंजूषा, पाच रविवार, पाच फेऱ्या. अकरा वर्षं प्रश्न मी काढते. दर वर्षी शाळेतल्या मास्तरांचा संघ जिंकतो, दर वर्षी तेच भाषण करतात. यंदा ‘सुई-दोरा’ म्हणून एक नवीन संघ आलाय – शिंपीकाका, त्यांची सून आणि सुनेची मैत्रीण. वीसपैकी अठरा. मास्तर बारावर अडकले.

‘ऑक्टोपसला हृदयं –’ एवढंच मी म्हटलं होतं. ‘तीन,’ काका म्हणाले. प्रश्न पुरा होण्याआधी!

काका चौथी शिकलेले आहेत. हे वाक्य लिहिलं आणि थांबले. चौथी शिकलेल्या माणसानं ऑक्टोपसची हृदयं मोजू नयेत असा नियम आहे का? नाही. पण अठरा?

यांना सांगितलं. म्हणाले, ‘असतील हुशार. गावात हुशार व्हायचं तर तुझ्याकडून परवानगी काढावी लागते का?’

२८ एप्रिल, सोमवार

वाचनालय बंद. दिवसभर तेच डोक्यात.

२९ एप्रिल, मंगळवार

शांतपणे विचार करून लिहिते. प्रश्न माझ्या हातानं लिहिलेले. टाइपही करायला देत नाही. थोडे घरी लिहिते, थोडे वाचनालयात माझ्या आतल्या खोलीत. ते कागद बघू शकतील अशी माणसं दोनच. एक हे. यांना कपाळावरचा चष्मा सापडत नाही, माझे कागद काय सापडणार! दुसरी माझी सहायक.

तिला सगळे चिमणी म्हणतात, आवाजावरून. तीन वर्षं हंगामी आहे. तिला कायम करायचं की नाही, याचा अहवाल मी वीस मेपर्यंत कार्यकारिणीला द्यायचा आहे. मनात ‘हो’ ठरलेलंच होतं. त्याच भरवशावर तिनं वाचनालयामागची खोली भाड्यानं घेतली, आईला आणून ठेवलं. मागच्या महिन्यात मला विचारलं होतं, ‘ताई, भिंतीला खिळे ठोकू ना? म्हणजे राहायचंच आहे ना आता?’ मी म्हटलं होतं, ‘ठोक.’

आता तिच्याबद्दल असलं काही मनात येतंय, याची लाज वाटते. पण मनात येणं आणि खरं असणं यात अंतर असतं, आणि ते अंतर मोजायला तर मी ही वही ठेवलीय.

दुसऱ्या फेरीसाठी चार पुस्तकं घरी आणली. नेहमीप्रमाणे शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारला, त्याखाली माझा सभासद क्रमांक, १२. माझ्या आधीचे ग्रंथपाल पुस्तकं पिशवीत टाकून सरळ घरी न्यायचे. पुढे त्यांच्या माळ्यावर आमची साठ पुस्तकं निघाली. मी पहिल्याच दिवशी ठरवलं, माझ्यासाठी वेगळा दरवाजा नाही. हे म्हणतात, ‘बारा नंबर तुला उगाच नाही मिळाला. एक दिवस कुणाचे तरी वाजवशील.’

२ मे, शुक्रवार

आज आतल्या खोलीचं दार मुद्दाम अर्धं उघडं ठेवून बसले.

चार वाजता शिंपीकाका आले. कपाटांकडे गेलेच नाहीत. थेट चिमणीच्या टेबलाशी. तिथे परत आलेल्या पुस्तकांची हातगाडी असते, तिच्यातलं एकेक पुस्तक उचलून उलटं करून मागून उघडत होते. पहिलं पान नाही, शेवटचं! ज्या माणसाला पुस्तक कुठल्या बाजूनं उघडतात हे माहीत नाही तो वीसपैकी अठरा उत्तरं देतो.

चिमणी त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होती. ती, जिचं हळू बोलणं रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला ऐकू जातं. काहीतरी म्हणाली आणि दोघं हसले. मी बाहेर आले तर गप्प.

‘काय हसताय?’

‘काही नाही ताई. काकांना म्हटलं, वाचून वाचून टक्कल पडेल.’

‘पडायचं काय राहिलंय?’ काका म्हणाले.

काकांच्या हाताला दोन वर्षांपासून कंप आहे. सुईत दोरा जात नाही, म्हणून मशीन सुनेला दिलं. दिवसभर रिकामे. रिकामा माणूस वाचनालयात येणार, यात वावगं काय? काहीच नाही. मग गप्प का झाले?

४ मे, रविवार

सुई-दोरा एकोणीस. मधमाशीला डोळे पाच, हेही आलं. मास्तरांनी दोन सांगितलं आणि लोक हसले.

औषधाचे दुकानवाले मेळ्याचे अध्यक्ष आहेत. टाळ्या वाजवतावाजवता माझ्या कानाशी वाकून म्हणाले, ‘बाई, यंदा प्रश्न सोपे काढलेत की काय?’

७ मे, बुधवार

दोन दिवस कागद घरीच लिहिले. वाचनालयात नेले नाहीत. मात्र काल चिमणीनं विचारलं, ‘ताई, यंदा प्रश्न कुठवर आले?’ तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. का विचारावं?

यांचं म्हणणं, ‘बोलायला विषय नको का माणसाला? तू आठ दिवस तिच्याशी धड बोलत नाहीयेस.’ खरं आहे. मी बोलत नाही म्हणून ती विचारते, आणि ती विचारते म्हणून मी बोलत नाही. मांजर स्वतःच्या शेपटीमागं फिरतं तसं.

११ मे, रविवार

सतरा. दोन प्रश्न घरून काढले होते, आमच्या जुन्या शब्दकोशातून. ते त्यांना आले नाहीत. एकाचं उत्तर मास्तरांनी दिलं.

पण घरी लिहिलेल्या बाकीच्या अठरांतले सतरा कसे फुटले? चिमणी शनिवारी पावतीपुस्तक द्यायला घरी आली होती. मी चहा टाकायला उठले होते. टेबलावर कागद होते का? होते असं वाटतं. नक्की आठवत नाही. ‘वाटतं’ आणि ‘आठवतं’ यांची गल्लत करू नकोस, बाई.

१३ मे, मंगळवार

ठरवलं. एकदाच सोक्षमोक्ष.

सापळा हा शब्द लिहायला जड जातो. शाळेत असताना एका मास्तरांनी बाकावर मुद्दाम नाणं ठेवून एका मुलीला पकडलं होतं. मला त्या मुलीपेक्षा मास्तरांचाच राग आला होता. आता मी तेच करतेय.

घड्याळांवरचं जाड पुस्तक घरी आणलं, नोंद करून. त्यातला एकच प्रश्न. घड्याळाचे काटे याच दिशेनं का फिरतात?

१५ मे, गुरुवार

पुस्तक सकाळी परत करून हातगाडीवर ठेवलं. मग एका चिठोऱ्यावर तो प्रश्न आणि खाली फक्त ‘सावलीवरून’ असं लिहिलं आणि चिठोरं चिमणीच्या शाईच्या उशीखाली सरकवलं, विसरल्यासारखं. बाकीचे एकोणीस प्रश्न कुलपात. किल्ली माझ्या पर्समध्ये.

संध्याकाळी ती चिठोरं घेऊन माझ्याकडे आली. ‘ताई, हे तुमचं ना? उशीखाली होतं. मी वाचलं नाही.’

न वाचता माझं आहे हे कसं कळलं? – अक्षर. अक्षर ओळखायला वाचावं लागत नाही. बरं. पण ‘वाचलं नाही’ हे सांगायची गरज का पडली?

१८ मे, रविवार

घड्याळाचा प्रश्न मी सर्वात शेवटी घेतला. समोर काकांचा हात थरथरत होता, पण तो नेहमीच थरथरतो.

काका म्हणाले, ‘सावलीवरून. आधी सावलीचं घड्याळ होतं ना, सावली जशी फिरायची तसेच काटे फिरवले.’ मग सुनेकडे बघून म्हणाले, ‘आणि पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात सावली उलटी फिरते. तिकडच्या लोकांनी आधी केलं असतं तर आपली घड्याळं उलटी चालली असती.’ मांडवात लोक हसले, टाळ्या पडल्या.

संपलं. चिठोरं फक्त तिच्या टेबलावर होतं.

नंतर लिहिते. एक गोष्ट खुपतेय. खालच्या अर्ध्यातल्या सावलीचं माझ्या चिठोऱ्यावर काही नव्हतं. ते काकांना कुठून कळलं? चिमणीनं उत्तर दिलं तर पुढची माहितीही शोधून दिली असेल. एवढी मेहनत! असेलही. तशी ती कामाला चांगली आहे.

१९ मे, सोमवार

अहवाल लिहिला. पाच वेळा फाडला. शेवटी कामाबद्दल सगळं चांगलंच लिहिलं. वेळेवर येते, वाचकांशी गोड बोलते, रजा कमी. आणि खाली एक ओळ लिहिली, ‘मात्र गोपनीयतेच्या बाबतीत मी खात्री देऊ शकत नाही.’

आरोप केलेला नाही. फक्त खात्री देता येत नाही असं म्हटलंय. यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, ‘तिला एकदा समोर बसवून विचार ना.’

‘विचारलं तर नाहीच म्हणेल.’

‘आणि खरंच नाही असेल तर काय म्हणेल?’

मी स्वयंपाकघरात गेले. भाजी करपली होती.

२० मे, मंगळवार

अहवाल दिला.

२३ मे, शुक्रवार

काल कार्यकारिणीची बैठक झाली. माझी एक ओळ पुरली. चिमणीला महिनाअखेरीस थांबायला सांगितलं. कारण सांगितलं नाही, ‘पद भरायचं नाही असं ठरलं’ एवढंच.

ती दुपारभर पुस्तकांना कव्हरं घालत होती. आवाज नव्हता. मी दोनदा बाहेर आले. दोन्ही वेळा ती उठून उभी राहिली, नेहमीसारखी.

अंतिम फेरीचे प्रश्न सगळे घरच्या पुस्तकांतून काढतेय. वाचनालयातलं एक पानही नाही.

२५ मे, रविवार

अंतिम फेरी. सुई-दोरा सहा. मास्तर चौदा.

सहा! आता आणखी कुठला पुरावा हवा? तिची सावलीही कागदावर पडू दिली नाही आणि उत्तरं आटली. मास्तरांनी तेच भाषण केलं. काकांनी त्यांच्याशी हात मिळवला, थरथरत्या हातानं. मला म्हणाले, ‘यंदा शेवटी तुम्ही चकवलंत, ताई.’

चकवलंत. चोर स्वतःच्या तोंडानं बोलला.

मग मला बरं का वाटत नाहीये?

३० मे, शुक्रवार

चिमणीनं किल्ल्या दिल्या. कपाटाची, हातगाडीच्या कप्प्याची, मागच्या दाराची. मी म्हटलं, ‘खोलीचं काय करणार?’ म्हणाली, ‘सोडली ताई. खिळे काढून भोकं बुजवून दिली.’

जाताना दारात थांबली. मला वाटलं आता बोलेल. म्हणाली, ‘शिंपीकाका आले तर त्यांना ओरडू नका हं. ते हातगाडीवरची पुस्तकं इकडची तिकडे करतात, पण नंतर नीट लावतात.’

३ जून, मंगळवार

आज हातगाडी मीच लावायला घेतली. घड्याळांचं पुस्तक हातात आलं. उलटं झालं आणि मागूनच उघडलं गेलं. चिठ्ठीवर माझा शिक्का, १२. त्याखाली १६ मे, ३४०. नोंदवहीत पाहिलं, ३४० म्हणजे शिंपीकाका. मधमाश्यांचं काढलं: १२, खाली ३४०. समुद्रातल्या प्राण्यांचं: १२, ३४०. मग कपाटांतून जानेवारीत मी नेलेल्या दोन कादंबऱ्या काढल्या, ज्यांच्यातून एकही प्रश्न काढला नव्हता. १२, ३४०. १२, ३४०. तेव्हा मेळ्याचं पत्रकसुद्धा निघालं नव्हतं.

चार वाजता काका आले. रिकाम्या टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘चिमणी नाही? तिनंच सांगितलं होतं मला, काका, काय वाचावं कळत नसेल तर बारा नंबर बघा आणि ताईंच्या मागनं जा, त्या वाईट पुस्तक नेत नाहीत.’ हातगाडीकडे वळले. ‘पण पंधरा-वीस दिवस झाले, तुमचा बारा कुठं दिसला नाही. वाचत नाही का सध्या?’